पावडर पुसून या

तुमच्या घरात भिंतीवर लग्नाचा फोटो टांगलेला असेल. तो उतरवा. धूळ झटका. आता नवरीचा चेहरा बघा आणि मग तिचा हात बघा. चेहरा दुधाचा आणि हात आपल्याकडच्या उन्हातल्या माणसाचा, असं दिसलं तर दचकू नका. हात तिचाच आहे. चेहरा मात्र माझ्या धंद्यातल्या कुणीतरी माउसने घासघासून बनवलेला आहे.

मी तुमसरला फोटो काढते. लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंग, पासपोर्ट आणि सोयरिकीसाठी लागणारे मुलींचे फोटो. माझ्या निवृत्तीला पुष्कळ अवकाश आहे. पण दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायला केस पिकलेले लागतात असा नियम माझ्या वाचनात नाही. मला राग आला की मी लिहिते. लिहिण्याचं माझं सगळं शिक्षण पत्रकांवर झालं. एका पानात मागणी, कारण आणि निषेध बसवायचा. इथे पानं जास्त मिळाली आहेत, तेव्हा निषेधही ऐसपैस करीन.

कॅमेरा हातात आला तोही पत्रकामुळेच. आम्हा सात-आठ मैत्रिणींचा गट होता, अजून आहे. कुणी माझ्यासारखी मागावर बसणाऱ्यांच्या घरातली, कुणी राईस मिलमधल्या हमालाची मुलगी, कुणी धानवाल्या शेतकऱ्याची. बहुतेक सगळ्या सावळ्या, मी तर चांगली काळी. ‘उजळ मुलगी पाहिजे’ हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले तेव्हा आम्ही पत्रक काढलं: ‘रंग आमचा, लाज तुमची.’ खाली आम्हा सगळ्यांचे फोटो छापले, मोबाइलवर काढलेले. बाजाराच्या दिवशी वाटायला उभ्या राहिलो. एका भाजीवाल्या बाईने पत्रक उलटंपालटं केलं आणि विचारलं, “ह्या कोन होय वं बाई? नुसते दात दिसून राह्यले.”

खरंच दिसत होते. आठ काळे डाग आणि आठ दंतपंक्ती. आपला रंग मिरवायला निघालो आणि आपले चेहरेच गायब! त्याच आठवड्यात मी दामूकाकांच्या स्टुडिओत जाऊन म्हटलं, मला शिकवा.

दामूकाकांचा स्टुडिओ बाजाररस्त्यावर एका जिन्याखाली आहे. त्यांनी माझं पत्रक वाचलेलं होतं. म्हणाले, “शिकवतो ना. पण मोर्चा इथं काढायचा नाही, प्रणाली. इथं फक्त फोटो काढायचे.”

मी पहिल्याच दिवशी मोर्चा काढला. कारण आत खिळ्याला एक कोट टांगलेला होता. जुना, निळा, खांद्यावर भरलेला. गावाकडून कुणी माणूस फोटोला आला की काका त्याला तो कोट चढवत. खाली धोतर, वर कोट, फोटो छातीपर्यंतच. शेजारी कंगवा आणि पावडरचा डबा. मी म्हटलं, “काका, हे ढोंग आहे. ज्याच्या घरी कोट नाही त्याला कोट कायले?”

काका चिडले नाहीत. म्हणाले, “रोलच्या काळात त्या माणसाचा जन्मात एक फोटो निघत होता, बाई. एकच. तो त्याच्या मागं भिंतीवर राहणार. त्यात त्याले काय घालून बसायचं हे तू ठरवशील का?”

मी मनात नोंद केली. फोटोचं तंत्र मॅन्युअलमध्ये असतं. आपल्याकडचा माणूस फोटोत का बसतो आणि कसा बसतो, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. ते मार खाऊन शिकावं लागतं. आणि काय सांगू, मजा येते!

उदाहरणार्थ, तिघांचा फोटो. आपल्याकडे तिघं एका फोटोत बसत नाहीत. मधला जातो म्हणतात. तिघी सख्ख्या बहिणी आल्या, धाकटीचं लग्न ठरलेलं, म्हणून शेवटचा एकत्र फोटो काढायचा. चौथी म्हणून त्यांनी घरून शेळीचं पिल्लू आणलं होतं. मी अंधश्रद्धेवर सविस्तर बोलले. मोठीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “तुम्ही हुशार आहा ताई, खरं बोलून राह्यल्या. पण मधात मी बसून राह्यली ना!” पिल्लू तोवर पडदा खायला लागलं होतं. शेवटी कॅमेरा टायमरवर लावला आणि मीच जाऊन चौथी बसले. अंधश्रद्धा तशीच राहिली. पण त्या घरात भिंतीवर आज मी आहे, आणि सगळ्यांत मोठं हसू माझंच आहे.

दुसरा मार रोवण्याच्या दिवसांत. बांधावर उभी राहून मी धान रोवणाऱ्या बायांचे फोटो काढत होते. वाकलेल्या पाठी, रंगीत लुगडी, पाण्यात आभाळ. मोठ्या शहरातून गाड्या घेऊन येणारे हौशी लोक हेच काढतात आणि त्याला ग्रामीण सौंदर्य म्हणतात. चिखलातून एक बाई ओरडली, “काहून वं, आमच्या ढुंगनाचे फोटो कायले काढून राह्यली? तोंड इकडं हाय!” धानाच्या सगळ्या बांध्यांतून हसू उसळलं. मी सलवार गुडघ्यापर्यंत ओढली, चिखलात उतरले, त्यांच्यासमोर उकिडवी बसले. कॅमेरा कुणाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा हा तंत्राचा प्रश्न आहे असं पुस्तकात म्हणतात. नाही. तो लाजेचा प्रश्न आहे.

आता मुद्द्यावर येते. रोशनीची गोष्ट.

एका दुपारी आंबागडचे एक गृहस्थ मोबाइल पुढे धरून स्टुडिओत शिरले. शेती करतात, उन्हाळ्यात जंगलातलं काम करतात. त्यांच्या मुलीचं, रोशनीचं, दुसरं स्थळ आदल्या दिवशी मोडलं होतं. मुलाकडचे आले, चहा घेतला, रोशनी पोहे घेऊन बाहेर आली, आणि मुलाची आई तिच्या खांद्यावरून मागे स्वयंपाकघरात बघत म्हणाली, “फोटोतली पोरगी कुठं हाय?”

पहिलं स्थळ असंच गेलं होतं. फोटो दोन्ही वेळा आमच्याच स्टुडिओतला, काकांनी काढलेला. काढलेला म्हणजे काय, धुतलेला. संगणकावर एक कळ दाबली की कातडी गुळगुळीत होते, दुसरी दाबली की पांढरी.

“तुमच्या फोटोनं माह्या पोरीची इज्जत गेली,” रोशनीचे वडील म्हणाले.

काका म्हणाले, “भाऊ, तुम्हीच तं म्हणाले होते, जरा उजळ करजा.”

“जरा म्हनलो होतो! तुम्ही तं मेमसाब करून टाकली.”

माझा पारा चढला. मी दोघांनाही सुनावलं. काय सुनावलं ते पत्रकात वाचायला मिळेल, शब्दही तेच होते. शेवटी वडील स्टुलावर बसले आणि हळू म्हणाले, “मंग काय करू, पोरी? चिखल्याचं एक स्थळ हाय. पोरगा मॅगनीजच्या खाणीत कामावर हाय, चांगला हाय म्हनते. फोटो मागून राह्यले. सावळा पाठवला तं बोलावत नाही. गोरा पाठवला तं येऊन थुकते. तिसऱ्यांदा तसंच झालं तं ते पोट्टी पुन्हा कोनापुढं बसनार नाही. तसं बोलली मले.”

“मी काढते,” म्हटलं. “एक रेघसुद्धा बदलणार नाही.”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “काढ. पण हे बी मोडलं तं त्या पोरीले तोंड तू दाखवजो.”

रोशनी दुसऱ्या दिवशी आली. आंबागडला ब्लाउज शिवते, बी.ए. झालेली आहे, आणि जीभ कात्रीसारखी. फिक्या गुलाबी साडीत आली होती आणि तोंडावर पावडरचा थर. फोटो म्हटला की आपल्याकडे पावडर. मी तिला पांढऱ्या भिंतीपुढे उभी केली, समोरून दिवा मारला, आठ-दहा फोटो काढले, आणि मोठ्या अभिमानाने पडदा तिच्याकडे वळवला. काहीही बदललेलं नाही! संपूर्ण सत्य!

ती बघत राहिली. चेहरा राखेसारखा करडा, डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नाक सपाट. मागची भिंतसुद्धा मळकट.

“ताई,” ती म्हणाली, “याहून तं आधार कार्डावर बरी दिसते मी.”

“पण हा खरा आहे, रोशनी. यात खोटं काही नाही.”

“खरा? मी रोज आरशात पाह्यते ना. मंग आरसा खोटं बोलून राह्यला का?” पर्स उचलून ती उभी राहिली. “तुमचं पत्रक वाचलं मी. पटलं बी. पन मले चांगलं दिसाचं हाय. काळ्या पोरीनं चांगलं दिसाले तुमची मनाई हाय का?”

ती गेली. काकांनी माझ्याकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली, ही त्यांची मेहरबानी.

मी त्या दिवशी खुर्चीवरून उठलेच नाही. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला? ती बरोबर होती याचा. आणि मग, रागाच्या भरात, मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा अभ्यास सुरू केला.

कॅमेऱ्यात उजेड मोजायला मीटर असतो, हे मला माहीत होतं. पण तो काय करतो याचा विचार मी केला नव्हता. समोर माणूस आहे की म्हैस, त्याला कळत नाही. तो समोरचा सगळा उजेड एकत्र करतो आणि त्याचा मध्यम करडा रंग करून मोकळा होतो. मागे पांढरी भिंत असली की त्याला वाटतं, अरे बापरे, उजेड फार झाला. मग तो सगळंच अंधारवतो. भिंत मळते आणि पुढचा सावळा चेहरा डांबर होतो. म्हणजे मी ज्याला संपूर्ण सत्य म्हणत होते ते एका यंत्राचं मत होतं! आणि आमच्या पत्रकातल्या आठ दंतपंक्तींचं कोडंही तेच. आम्ही सगळ्या शाळेच्या चुन्याच्या भिंतीपुढे उभ्या होतो.

पुढे वाचत गेले तर आणखी उघडकीला आलं. रंगीत फिल्म बनवणाऱ्या कंपन्या रंग बरोबर उतरले की नाही हे तपासायला गोऱ्या बाईचा फोटो समोर ठेवत. तिचे गाल ठीक दिसले की फिल्म पास. आपल्यासारख्यांचे गाल कुणी तपासायला घेतलेच नव्हते. हे वाचून मी स्टुडिओत इतक्या जोराने ओरडले की पासपोर्ट फोटोला बसलेले गुरुजी डोळे मिटून बसले, आणि तो फोटो पुन्हा काढावा लागला.

पंख्याने प्रिंट उडू नयेत म्हणून काकांच्या टेबलावर मॅगनीजचा एक दगड ठेवलेला असे, चिखल्याच्या कुणा गिऱ्हाइकाने दिलेला. काळा, जड, कडा असलेला. मी तो उचलला आणि पांढऱ्या कागदावर ठेवून समोरून उजेड मारला. नुसता काळा गोळा. मग दगड खिडकीपाशी नेला. मागे गडद कापड लावलं. उजेड एकाच बाजूने येऊ दिला, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरली. आणि बघते तर त्याची एकेक कड उठून आली! इथे रुपेरी, तिथे निळसर, मध्ये दाट काळा. उजेड वाढवला तर दगड उलट विटायचा. मोठा, मऊ उजेड कडेने सरकवला की चकाकायचा. गडद वस्तूवर किती उजेड ओतला याला महत्त्व नाही. ती कुठल्या बाजूचा उजेड परत फेकते ते शोधायचं. मी दगडावर थोडी पावडर भुरभुरली. झालं, चकाकी गेली, राख उरली. रोशनीचा चेहरा राखेसारखा का दिसला ते तिथेच कळलं. पावडर ती चकाकीच मारून टाकते.

काका हे सगळं बघत होते. “दगडाची सोयरीक जमवून राहिली का?”

“काका, आंबागडला जाते मी. उद्याच.”

रोशनी मला बघून खूश झाली असं म्हणता येणार नाही. “आता काय राह्यलं?” म्हणाली. मी चूक मान्य करण्यात वेळ घालवला नाही. म्हटलं, “तोंड धू. सगळी पावडर काढ. गुलाबी साडी नको, एखादी गडद किंवा पिवळी काढ. आणि खोबऱ्याच्या तेलाचं एक बोट घे.”

“फोटोले तेल?” तिची आई किंचाळली. “लोकं पावडर लावते, हे बाई तेल लावाले सांगून राह्यली!”

“एक बोट, मावशी. गालावर फक्त.”

रोशनी हळदीच्या रंगाची साडी नेसून आली, वर स्वतः शिवलेलं जांभळं ब्लाउज. मी तिला अंगणाच्या कडेला उभी केली, मागे आंबागडच्या किल्ल्याची टेकडी, हिरवीकाळी. ऊन कललं होतं आणि तिच्या उजव्या बाजूने येत होतं. डावी बाजू अंधारात जात होती. थर्माकोलची शीट फटफटीवर आणताना वाटेत मोडली होती. इकडेतिकडे पाहिलं, तर दोरीवर तिच्या वडिलांचं पांढरंशुभ्र धोतर वाळत होतं.

मी वडिलांना म्हटलं, “काका, ते धोतर काढा. एक टोक तुम्ही धरा, एक मावशी धरतील. हं, ताणून. पोरीच्या डाव्या बाजूला.”

“धोतर धरून फोटो?” रोशनीचे वडील म्हणाले. “लोक काय म्हनतीन?”

लोक लगेच म्हणाले. शेजारचा एक म्हातारा कुंपणावरून डोकावला. “काहून गा, दोरी तुटली का?”

“चूप राय! फोटो चालू हाय!” वडील म्हणाले.

“कोनाचा? धोतराचा?”

रोशनी खदखदून हसली, आणि मी त्याच क्षणाची वाट बघत होते. मीटर तिच्या गालावर धरलेला होता, टेकडीवर नाही, आभाळावर नाही, तिच्या गालावर. उजव्या गालाच्या हाडावर तांब्यासारखी एक रेघ. धोतरावरून परतलेला उजेड डाव्या गालावर, थंड आणि मऊ. दोन्ही डोळ्यांत एकेक ठिपका, जिवंत. कातडी काळी, दाट, आणि तिच्यात खोल कुठेतरी लाल. मी काढत गेले. “हनुवटी खाली! नाही, वर! तशीच! अस्सं!” मी ओरडत होते, म्हातारा ओरडत होता, कोंबड्या पळत होत्या. बरं झालं तिथे दामूकाका नव्हते.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिने फोटो पाहिला. बराच वेळ. म्हणाली, “मोठा करा.” मी मोठा केला. “अजून.” तिने स्वतःचा गाल पाहिला, भुवई पाहिली, गळ्याशी असलेला तीळ पाहिला. आणि मग मान उडवून, जणू तिला हे आधीपासूनच ठाऊक होतं अशी, म्हणाली, “अस्सीच तं हाय मी.”

वडिलांनी फोटो आपल्या मोबाइलवर घेतला आणि बोट अडकून बसलं. पाठवेनात.

“हे तं सावळीच दिसते.”

“सावळीच आहे ती, काका.”

“हो ना. ते तं हायच.” ते पुन्हा बघत राहिले. “पन माही पोरगी दिसून राह्यली. आधीच्या फोटोत कोन होती काय माहीत.”

त्यांनी डोळे मिटून पाठवला.

मध्यस्थांकडून उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मुलाकडच्यांना फोटो पसंत, बघायला येतो, हा मुलाचा फोटो. वडिलांनी मला फोन करून आधी हे सांगितलं आणि मग म्हणाले, “बाई, तुम्ही या. पोट्टी काय करून राह्यली पाहा.”

मी गेले. रोशनी मोबाइल घेऊन ओसरीवर बसली होती. मुलाचं नाव अमोल. फोटोत तो मोटारसायकलला टेकून उभा होता, आणि तोंड गुलाबी-पांढरं, गुळगुळीत, ओठ स्ट्रॉबेरीसारखे. हँडलवर ठेवलेले हात मात्र तुमच्या-माझ्यासारखे, काळे.

“तोंड एकाचं हाय आन् हात दुसऱ्याचे,” रोशनी म्हणाली. “मी कोनाले पाहू? मी येऊ नाही देत.”

“पोराचा फोटो कोन पाह्यते, बाई?” वडील हात जोडायच्या बेतात होते.

“मी पाह्यते. त्याईनं माहा खरा फोटो मागून घेतला. आता त्याले म्हना, आपला पाठव.”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमच्या पत्रकात इतकं ठसठशीत वाक्य कधी आलं नव्हतं. वडिलांनी जड बोटांनी निरोप पाठवला. मध्यस्थांचं उत्तर आलं, पोरगी नखरेल दिसते. आणि मग काहीच आलं नाही.

टाळ्यांचं सुख तिथेच संपलं. मी तुमसरला परतले आणि मला समजलं की हे मोडलं तर उद्या मी नवं पत्रक काढीन, चार गावांत भाषण देईन, आणि रोशनी मात्र त्याच ओसरीवर मशीन चालवत बसेल. तिचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं, पण बरोबर असण्याची किंमत ती एकटीच देणार होती. मी फोन करायची, ती म्हणायची, “नाही आलं काही. ब्लाउजं लय हाय, ठेवते.” आवाज कोरडा. एकदा म्हणाली, “ताई, मी जास्त बोलली का वो?” मी नाही म्हटलं. ते मी मनापासून म्हटलं की चळवळीखातर, मला अजून सांगता येत नाही.

काका तेव्हाही फोटो धूतच होते, हेही लिहून ठेवते. आजही धुतात. मी दारावर ‘पावडर पुसून या’ अशी पाटी लावली तर निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. काकांनी पाटी काढली नाही. फक्त तिच्यासमोर कॅलेंडर लटकवलं.

आणि एका सकाळी दारात मोटारसायकल थांबली. उंच, हडकुळा मुलगा, केस ओले करून बसवलेले. आत येऊन कोटाकडे, दिव्यांकडे, माझ्याकडे बघत उभा राहिला.

“इथं खरा फोटो काढून देता म्हणते.”

“कोण म्हणते?”

“आंबागडचे. म्हणजे ते नाही म्हणाले. मीच विचारलं मध्यस्थाले, त्या पोरीचा फोटो कुठं काढला.” मग एकदम, “मी अमोल. चिखल्याचा. तो फोटो मी नव्हता बनवला, ताई. आईनं बनवून घेतला. मले बी तो पाहून कसंतरीच वाटलं.”

मी त्याला उजेडात घेतला. कपाळावर, कानामागे पावडर. अगदी छान थापलेली.

“तोंड धुऊन या,” म्हटलं. “तिकडे नळ आहे.”

धुऊन आला तेव्हा तो आणखी तरुण दिसला, आणि घाबरलेला. खाणीत काम करणाऱ्याच्या नखांत, हातांच्या रेघांत काळं राहतं, कितीही घासलं तरी. तो हात मांडीखाली लपवायला लागला. “हात वर ठेवा,” मी म्हटलं. “तेच खरे निघाले होते तुमचे.” काका, ज्यांना मी आजवर कधीच माझ्या फोटोला हातभार लावताना पाहिलं नव्हतं, उठले आणि थर्माकोलची नवी शीट घेऊन त्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले. “वर धरू का खाली?” म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, नाहीतर फोटो हलला असता.

दाराचा उजेड कडेने घेतला, मागे गडद कापड. त्याचं नाक मध्ये थोडं वाकडं आहे, लहानपणी पडलेला. ते तसंच येऊ दिलं. त्याने फोटो मोबाइलवर घेतला, अंगठा पाठवायच्या बाणावर ठेवला आणि तिथेच थांबला, अगदी रोशनीच्या वडिलांसारखा.

“हा पाह्यला आन् ते नाही म्हणाली तं?”

या स्टुलावर मी किती मुली बसलेल्या पाहिल्या, त्यांच्या मनात हेच असतं; मुलाच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकत होते. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

“म्हणू शकते,” मी म्हटलं.

त्याने मध्यस्थांना पाठवला, आंबागडला पोचवा म्हणून. मग घाम पुसला आणि कॅलेंडर सरकवून खालची पाटी वाचत बसला. काकांनी त्याला चहा दिला. मी काहीतरी पुसायचं म्हणून लेन्स पुसत होते. माझा फोन वाजला तेव्हा आम्ही तिघंही दचकलो. रोशनी.

“ताई, नाक वाकडं हाय वो त्याचं.”

“हो.”

“तुम्ही नाही ना केलं? खरा फोटो वाटावा म्हनून?”

“एक केस हलवला नाही, रोशनी. तसंच आहे. इथेच बसलाय, पाहिजे तर विचार.”

पलीकडे बराच वेळ नुसतं मशीनचं चाक फिरल्याचा आवाज. मग ते थांबलं. अमोल माझ्या तोंडाकडे बघत होता, जणू निकाल तिथे छापून येणार होता.

“येऊ दे मंग त्याले,” ती म्हणाली, आणि फोन न ठेवताच आत ओरडली, “बाबा! ते लोक येतीन तवा त्याची खुर्ची तठी नोका ठेवजा, भिंतीकडं! दाराकडं तोंड करून ठेवा, उजेडात! मले बी पाह्याचं हाय!”